सासूबाईचा फाटा

१

गुरुवार म्हणजे वाटेचा दिवस. नेड्राच्या घरात हे इतकं मुरलेलं होतं, की तिचा नवरा ग्लेड बुधवारच्या जेवणालाच म्हणायचा, "उद्या माझा नाश्ता मलाच करायचाय वाटतं." ऊन तापायच्या आत नेड्रा कुदळ, करवत आणि ते एका अंगाला दात अन् दुसऱ्या अंगाला पातं असलेलं रुंद फावडं ट्रकमध्ये टाकायची, थर्मासभर कॉफी घ्यायची आणि कोपऱ्यावरून ऑर्व्हलला उचलायची. ऑर्व्हल तिचा धाकटा दीर. जन्मभर गावाचे नळ दुरुस्त केले, लग्न काही केलं नाही, आणि हातात सदानकदा डोनटची पिशवी.

"वहिनी, आज पण उशीर."

"तू लवकर तयार झालास की मला उशीर होतो. जीभ आत घे आणि दार लाव."

पठारावरून नदीपर्यंत उतरणारी ती सायकलची वाट नेड्रा आणि ग्लेडने मिळून काढलेली. ग्लेडचे गुडघे शाबूत होते तेव्हाची गोष्ट. दगड न दगड हाताने बसवलेला. वाटेचं नाव 'सासूबाई'. ते ग्लेडने ठेवलं, कारण वरपासून खालपर्यंत ती माणसाला श्वास घेऊ देत नाही. लांबलांबची पोरं मोटारीच्या टपावर सायकली बांधून हार्लो गावात यायची ती सासूबाईसाठी. नेड्राने उभी हयात शाळेची बस चालवली, पण त्यासाठी तिला कोणी ओळखायचं नाही. तिला ओळखायचे सासूबाईची आई म्हणून.

वाट अर्धी उतरली की एकमेकांना टेकलेले दोन मोठे तांबडे खडक लागतात. त्यांना जोडखडक म्हणतात. तिथे वाट डावीकडे वळून कोरड्या ओढ्यात उतरते. उजवीकडे काही नाही. उघडा कातळ, चार झुडपं, मग कडा, आणि कड्याच्या पार खाली नदी.

त्या गुरुवारी उजवीकडेही एक वाट होती.

"झालं!" नेड्राने फावडं आपटलं. "काढला कुणीतरी फाटा. कॉलेजची कार्टी, दुसरं कोण."

तिकडच्या मातीवर काळी खपली धरते. जिवंत असते ती खपली. पाय पडला की मोडते, आणि पुन्हा धरायला माणसाचा जन्म जातो. म्हणून तिथली दुडदुडणारी पोरंसुद्धा खपलीवर पाय टाकत नाहीत. आणि इथे तर सरळ तिच्यातून चाक गेलेलं. नेड्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोघं कामाला लागले. असला फाटा बंद करायची त्यांची एक रीत आहे. नुसते दगड टाकून भागत नाही. सायकलवाल्याचा डोळा जिथे जातो तिथे त्याचं चाक जातं, म्हणून वाट अडवायची नसते, दिसेनाशी करायची असते. मेलेल्या जुनिपर झुडपांच्या फांद्या कापून आणायच्या, खड्डे करून उभ्या रोवायच्या, जशी जिवंत झुडपंच. बुंध्याशी माती चोपायची, वर पालापाचोळा पसरायचा. नेड्राचा हात त्यात असा बसलेला, की दुसऱ्या दिवशी तिचं तिलाच सापडू नये.

"वहिनी," निघताना ऑर्व्हल म्हणाला, "एक बघितलंस का? चाकाचा माग आत गेलाय. बाहेर आलेला नाही."

"उचलून आणली असेल सायकल कडेकडेने."

"खपलीवर पाऊल नाही कुठे."

"मग उडून आला असेल! तू डोनट खा."

२

पुढच्या गुरुवारी फाटा उघडा.

नेड्रा कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. तिने रोवलेली एकही फांदी जागेवर नव्हती. बरं, मोडून फेकलेली म्हणावी तर तशीही दिसेना. वाट मात्र आधीपेक्षा नीट झालेली. वळणावर बाहेरची कड जराशी उचललेली, पाणी साचू नये म्हणून मधे हलकासा उतार दिलेला. ज्याने केलं त्याला कामाची जाण होती.

"हात चांगलाय," ऑर्व्हल म्हणाला.

"हात तोडीन मी त्याचे."

पुन्हा कापाकापी, पुन्हा खड्डे. या खेपेला मोठे धोंडेही लोटले. घामाने दोघांचे सदरे पाठीला चिकटले. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी फाटा उघडा. धोंडे कुठे गेले ते कळेना. माग तेवढा एकच, आत गेलेला.

नेड्रा त्या मागाच्या कडेकडेने, कातळावर पाय ठेवत, कड्यापर्यंत गेली. माग कातळावर चढला होता. कातळावर लाल धुळीची रेघ होती, आणि रेघ टोकापर्यंत गेली होती. ती पोटावर पडून खाली डोकावली. नदी आपली गढूळ, संथ. काठाला कॉटनवूडची झाडं पिवळी झालेली. सायकल नाही, माणूस नाही, गिधाडसुद्धा नाही.

"काय आहे गं?" मागून ऑर्व्हल ओरडला.

"काही नाही!" ती वैतागून ओरडली. "काही नाही म्हणून तर डोकं उठलंय ना माझं!" आणि दोघांनी फाटा तिसऱ्यांदा बुजवला.

३

गावात गोष्ट लपत नाही. सोमवारी जमीन खात्याचे टॅगर्टसाहेब अवजारांच्या खोलीवर आले. ही खोली म्हणजे नेड्राच्या परसातली जुनी पत्र्याची शेड. भिंतीवर खिळ्यांना कुदळी, खाली एक लंगडं स्टूल. साहेब स्टुलावर बसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, स्वतः सायकल चालवायचा.

"नेड्राबाई, फाटा अजून उघडाय म्हणे."

"तीनदा बंद केलाय."

"मला बंद केलेला दाखवा. तिथे कडा आहे. उद्या कुणाचं पोर खाली गेलं तर त्याच्या आईला मी काय सांगू? तीनदा बंद केला होता, हे?"

 चिडून नेड्राने भिंतीवरची सरळ असलेली कुदळ काढून पुन्हा सरळ लावली.

"येत्या शनिवारी मी पाहायला येतो," साहेब म्हणाले. "तोवर वाटेला वरून फीत लावून ठेवतो. फाटा दिसला नाही, तर जागेवरूनच फोन करीन आणि वाट खुली. दिसला, तर वर लोखंडी फाटक. कायमचं. मग सासूबाई संपली असं समजा."

"आणि बाजूने दुसरी वाट काढली तर?" तिने विचारलं.

"खपलीतून? तुम्हीच सांगा."

 साहेब गेल्यावर स्टुलाला तिची लाथ बसली.

४

बुधवारी नेड्रा एकटीच गेली. जोडखडकाच्या वर एक पुढे आलेला कातळ आहे. तिथे बसलं की दोन्ही वाटा तळहातासारख्या दिसतात. सकाळीच फांद्या रोवून, माती चोपून ती वर चढली. डोक्याला टोपी, खिशात सूर्यफुलाच्या बिया. आज पोराला पकडायचं, बखोटीला धरायचं आणि त्याच्याच मोटारीतून त्याच्या बापाकडे न्यायचं, असा बेत.

ऊन चढलं. बिया फोडून टरफलं थुंकत ती बसली. सरडा आला, गेला. खाली नदीचा आवाज, तो तर कायमचाच.

मग तिला टिरटिर ऐकू आली.

सायकल उताराला लागली, पायडल थांबवलं, की मागचं चाक जी टिरटिर करतं ना, ती. नेड्रा जिथल्या तिथे ताठ झाली. आवाज वरून आला, सासूबाईच्या वळणावळणाने उतरत आला, जोडखडकाशी आला. वाटेवर कोणी नव्हतं. लख्ख ऊन, खडकाची सावली आखूड झालेली, लपायला मुंगीला जागा नाही. आवाज जोडखडकावरून उजवीकडे वळला, कड्याकडे गेला, आणि बारीक बारीक होत राहिला.

'प्रतिध्वनी,' ती मनाशी म्हणाली. 'नदीपल्याडच्या वाटेवर कोणीतरी असेल, आणि इकडच्या कड्यावर आवाज आपटत असेल.' हे तिला पटलं. पटलं म्हणून ती उठून खाली आली.

फाटा उघडा होता.

वर बसून तिने क्षणभरही दुसरीकडे बघितलं नव्हतं. डुलकी? तोंडात बी होती, ती अजून चावायची राहिली होती. बीसकट कोणी झोपतं का?

फांद्या कुठे गेल्या म्हणून तिने मान वळवली, आणि तिला त्या दिसल्या. डावीकडे. तिच्या खऱ्या वाटेवर. ओढ्यात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी त्या ओळीने रोवलेल्या, बुंध्याशी माती चोपलेली, वर पाचोळा. अगदी नेड्राच्या रीतीने.

"आता माझी थट्टा!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं. तिने पहिली फांदी धरून हिसडली. येईना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ती चर्रकन सुटून वर आली.

फांदी सकाळी तिनेच कापलेली. करवतीचा तिरका घाव तिच्या ओळखीचा. त्या घावातून पांढरी, केसासारखी मुळं फुटली होती. आणि मुळं ओली होती.

५

"पाऊस कुठे पडलाय?" ग्लेडने विचारलं. तो स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर टाकून पीच चिरत होता. मोसमातले शेवटचे, जरा मऊ पडलेले.

"नाहीच पडलेला. तेच तर म्हणतेय."

"मग मुळं कशी ओली?"

"मी तुला विचारतेय, तू मला काय विचारतोस!" तिने नळ सोडला, हात धुतले, पुन्हा सोडला, पुन्हा धुतले. "तीन आठवडे झाले. माझी कंबर गेली. शनिवारी तो माणूस येणार, फाटा बघणार आणि माझ्या तोंडावर फाटक लावणार. आपली इतक्या वर्षांची मेहनत, ग्लेड. तुझे गुडघे त्या वाटेत गेले."

"गुडघे वयाने गेले. वाटेला कशाला बोल लावतेस?" ग्लेड हसला. "बस जरा. मला सांग नीट. फाटा नेमका कुठून फुटतो?"

"जोडखडकाशी."

"हां." टेबलावर साखर सांडली होती. ग्लेडने हाताने ती पसरली आणि बोटाने वाट काढू लागला, सवयीने, न बघता. पठार, पहिलं वळण, ती नागमोडी, तो खडकांचा जिना. नेड्राला बरं वाटलं. या माणसाच्या बोटात वाट होती. "हे जोडखडक," तो म्हणाला आणि बोट पुढे गेलं.

उजवीकडे.

"डावीकडे," नेड्रा म्हणाली.

"काय डावीकडे?"

"वाट डावीकडे वळते. ओढ्यात."

"ओढ्यात?" ग्लेडने तिच्याकडे बघितलं. थट्टा करताना त्याचा उजवा गाल हलतो, तो हलला नाही. "ओढ्यात कुठे गं वाट? आपण खडकावरून उजवीकडेच तर घेतली. तिथे तू तो दगड बसवलास, अंगठा चेचून घेतलास. विसरलीस?"

अंगठा तिने चेचून घेतला होता खरा. ओढ्यातल्या दगडाखाली.

"उजवीकडे कडा आहे, ग्लेड."

"हो का?" तो म्हणाला, आणि बोट पुढे नेत राहिला. साखर संपली तरी बोट चालत राहिलं, टेबलाच्या काठाशी आलं आणि काठावरून पुढे गेलं. हवेत. त्याच्या लक्षात आलं नाही. "मग सरळ नदीवर," तो म्हणाला आणि दुसरा पीच घेतला.

म्हातारा झाला, नेड्राने मनाची समजूत घातली. गोळ्या बदलल्यात डॉक्टरने, त्याचं असेल. आणि त्या रात्री तिला एवढा राग आला होता, की भीती वाटायला जागाच उरली नाही.

६

गुरुवारी ऑर्व्हलला कुणाच्या तरी नळासाठी तातडीने जावं लागलं, म्हणून दोघं शुक्रवारी गेले. पहार घेतली, साखळी घेतली. नेड्राने ठरवलं होतं, आता लपवाछपवी पुरे. फाट्याच्या तोंडावर भिंतच घालायची. दोन माणसांनी हलणार नाही असली.

धोंडे तरफेने लोटून तिने पहिला थर बसवला आणि घाम पुसायला वळली. ऑर्व्हल डावीकडे होता. खरी वाट उकरून तिच्यात खड्डे करत होता.

"ऑर्व्हल! काय करतोयस?"

"फाटा बंद करतोय. तू काय करत्येस?"

"अरे गाढवा, फाटा हा! ती वाट आहे!"

ऑर्व्हल फावड्यावर रेलला. आधी हसला, मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. "वहिनी, उन्हात टोपी घाल. सासूबाई उजवीकडे जाते. मी तिच्यावर दोनदा दात पाडून घेतलेत, मला शिकवतेस?"

"मागच्या तीन गुरुवारी तू माझ्याबरोबर उजवीकडे बंद करत होतास!"

"डावीकडे करत होतो."

"उजवीकडे!"

"बरं बाई, उजवीकडे," तो म्हणाला. पिसाळलेल्या बाईशी बोलतात ना, त्या आवाजात. नेड्राला तो आवाज सहन झाला नाही. दोघं भाऊ मिळून तिला वेड्यात काढतायत, काहीतरी पैज लागलीय, डोनटवर डोनट, असं तिने स्वतःला सांगितलं. ते कारण चांगलं होतं. ते धरून तिने त्याला कामाला लावलं. तो कुरकुरत आला, दगड उचलू लागला. भिंत छातीएवढी झाली. पण मधे मधे ऑर्व्हल थांबायचा आणि भिंतीवरून पलीकडे बघायचा.

"बघू नकोस तिकडे," नेड्रा म्हणाली.

"का?"

 "बघू नकोस म्हटलं ना!"

"छान उतार दिलाय गं," तो म्हणाला. "तुझंच काम ते. दुसऱ्या कुणाला जमत नाही."

७

शनिवारी ती सकाळीच वरून चालत जोडखडकाशी आली. टॅगर्टसाहेब आणि ऑर्व्हल मागून सायकलवर यायचे होते. वर गाडीतळावर पोरांची ही गर्दी, सगळी फितीपाशी खोळंबलेली. आठवडाभर सासूबाई बंद होती, आज खुली होणार म्हणून आलेली.

भिंत होती. छातीएवढी, एकही दगड न हललेला.

पण ती डावीकडे होती.

नेड्राने खडकाला हात टेकला. भिंतीच्या दगडांवर दगडफूल चढलेलं, पिवळं, राखाडी, थरावर थर. काल रचलेल्या दगडांवर. भिंतीमागे, जिथे तिची वाट ओढ्यात उतरायची, तिथे काळी खपली पसरलेली. फुगीर, अखंड, जुनी. तिथे कधी चाक गेलं नव्हतं, माणूस गेला नव्हता. आणि उजवीकडे वाट होती. रुंद, मळलेली, वळणाला नीट कलती. तिच्या हातची.

तिने भिंतीचा दगड ओढला. दगड रुतलेला. दुसरा ओढला. मग ती भिंतीवर चढली आणि पलीकडे, खपलीवर, दोन्ही पायांनी उतरली. पायाखाली खपली कुरकुरून मोडली. तिने टाच घासली. खाली तरी असेल ना आपली वाट! दगड असतील, हाताने बसवलेले! खाली नुसती मऊ वाळू. ती गुडघ्यावर बसून नखांनी उकरू लागली.

"नेड्राबाई!"

साहेब आणि ऑर्व्हल सायकली धरून उभे. साहेबांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"खपलीवर पाय? तुम्ही?"

"ही वाट आहे!" नेड्रा ओरडली. "इथे आहे वाट! ऑर्व्हल, सांग त्यांना. तुझा जीव आहे ना माझ्यावर, मग सांग!"

ऑर्व्हलने मान खाली घातली. "वहिनी, बाहेर ये. ये, हात दे."

"फाटा झकास बंद झालाय," टॅगर्टसाहेब हळूच म्हणाले, जसं तिला बरं वाटावं म्हणून. "इतकं सफाईचं काम मी बघितलं नाही. माग नाही, काही नाही. जिंकलात तुम्ही. मी खुली करतो वाट." आणि त्यांनी फोन काढला, वर गाडीतळावर सांगितलं, "सासूबाई खुली. फीत काढा, सोडा पोरांना."

"नका सोडू! तिकडे कडा आहे, साहेब!"

"कुठे?" साहेबांनी उजवीकडे बघितलं. ऑर्व्हलनेही बघितलं. दोघांच्या सायकलींची पुढची चाकं आपली आपण तिकडे वळली. "आम्ही एकदा खालपर्यंत फिरून येतो," साहेब म्हणाले. "तुम्ही सावलीत बसा. पाणी प्या."

"ऑर्व्हल, जाऊ नकोस रे."

"आलोच गं," तो म्हणाला, आणि गेला.

खडकाआड ते दिसेनासे झाले. टिरटिर तेवढी येत राहिली. नेड्रा भिंतीवरून धडपडत बाहेर आली आणि जोडखडकाच्या अंगाने, कातळावरून, कड्याकडे धावली. आवाज कड्यापर्यंत गेला असेल, मग थांबेल, मग ओरडणं येईल, म्हणून ती कान झाकायला हात उचलून धावत होती. ओरडणं आलं नाही. आवाज थांबला नाही. ती पोटावर पडली तेव्हाही तो चालूच होता, पुढे, खाली, जिथे नुसती हवा होती तिथे.

तिने डोकावून बघितलं. नदी, पिवळी झाडं. कोणी नाही. पण सूर्य पाठीशी होता, आणि खाली गढूळ पाण्यावर दोन सावल्या सरकत होत्या. सायकली, वाकलेल्या पाठी, चाकांचे आरेसुद्धा. आरामात, उतार लागल्यासारख्या. आणि त्यांच्या पुढे, त्यांना वाट दाखवत चालल्यासारखी, आणखी एक सावली. चालणारी. तिच्या खांद्यावर काहीतरी लांब दांड्याचं होतं.

८

वरून आता पोरांचा आवाज येत होता. हसणं, आरोळ्या, आणि किती तरी चाकांची ती टिरटिर, एकात एक मिसळलेली.

नेड्रा उठली. जोडखडकाशी परत आली आणि उजवीकडच्या वाटेच्या तोंडात, अगदी मधोमध, उभी राहिली. वाटेकडे पाठ करून. आपण तिकडे बघायचं नाही, कोणाला बघू द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. जी वाट राखायला तिने महिनाभर जीव काढला, ती तिला मिळाली होती. आता ती अंगाने बुजवायची होती.

पहिली पोरगी वळणावरून आली, पिवळं हेल्मेट, भरधाव. मागे सात-आठ जण.

"आजी, बाजूला! बाजूला!"

"माझ्याकडे बघ!" नेड्राने हात पसरले. "पोरी, माझ्याकडेच बघ! सगळ्यांनी माझ्याकडे बघा! घाला माझ्या अंगावर, पण माझ्याकडे बघा!"

पोरगी घाबरली. तिने बघितलं, नेड्राकडेच बघितलं, डोळे फाडून. चाक सरळ नेड्रावर आलं. पोरीने दोन्ही ब्रेक करकचून दाबले, मागचं चाक घसरलं, धुरळा उडाला, आणि पुढचं चाक नेड्राच्या बुटाला लागून थांबलं. मागच्यांनीही दाबले. एकमेकांवर आदळत, शिव्या घालत, पण थांबली सगळी. पाय जमिनीवर टेकले. सगळीच्या सगळी.

 नेड्राने पोरीच्या सायकलचा दांडा दोन्ही मुठींत धरला. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

"थांबलात," ती म्हणाली. "शहाणी माझी बाळं ती. आता वळा. हळूच वळा आणि वर चढा. मागे बघू नका. मी सांगते सगळं, वर गेल्यावर सांगते."

"पण आजी," पोरगी धापा टाकत म्हणाली, "तुमच्या मागे त्या फावडं घेतलेल्या दुसऱ्या आजी कोण आहेत? त्या तर 'या, या' म्हणतायत."

आणि सगळ्या पोरांनी मिळून तिकडे बघितलं.